पाकट

लोहचुंबक चिकटलाच नाही.
दारावर ठेवला, पडला. बॉनेटवर ठेवला, घसरला,
फरशीवर टण्णकन वाजून बाकाखाली गेला.
तेवीस वर्षं जुन्या गाड्यांचे भाव करते मी,
पुट्टी कुठे, पत्रा कुठे, हे त्याच्यावरच ओळखते.
हिच्याबद्दल वाचून आले होते, तरी हात सवयीनं गेला.
हसूराम भोईर खुर्चीतून म्हणाले,
"बाय, पत्रा असंल तर चिकटंल ना.
सगली फायबर हाय. आमचे होरीसारखी."

घणसोली, गावाच्या मागची शेड. दाराशी कोंबड्या.
आत एकोणीसशे त्रेसष्टची कॉर्व्हेट स्टिंगरे,
चपटी, रुंद, दिवे आत वळवून
वाळूत अंग पुरल्यासारखी.
"या नावाचा एक मासा असतो," मी सांगायला गेले.
"पाकट. माजे बापाला काटा लागलेला त्याचा.
तीन दिस बोंबलत व्हता."

मी आकडे उतरवले. इंजिनावरचा, चासीवरचा.
जुळले.
बिजागरीमागे नखानं खरवडलं :
लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली
कुणी न पाहिलेला मूळ निळा.

खाचरावर रंगाची कंपनी आली,
त्याच खाचराच्या बांधावर गेट,
गेटवर खाकीतले हसूराम, वय एकोणीस.
रोज आठला गोरा इंजिनिअर हिच्यातून यायचा.
फाटक उघडायचं, सलाम ठोकायचा,
आणि ती गेल्यावर तापलेल्या तेलाचा वास
छातीत भरून घ्यायचा.
"पगार वेगला," म्हणाले, "यो वेगला."

मग साहेब गेला, गाडी ताडपत्रीखाली राहिली,
मग कंपनीही गेली.
लिलाव झाला तेव्हा साडेबारा टक्क्यांचे पैसे हातात होते.
भावांनी तीन मजले चढवले, हळदीला डीजे लावले.
यांनी भंगाराच्या यादीतला सतरावा नग उचलला.
वजनावर. किलोच्या भावानं.
(पावती आहे. मी पाहिली. तेल सांडलेली.)

वर्षातून एकदा, पहाटे, पाम बीच रोडला.
सुकाणू डावीकडे, म्हणून उजवीकडे वनाबाई,
नाकात नथ, मांडीवर पिशवी.
हवालदारानं अडवलं आणि लायसन
तिच्याकडे मागितलं.
तिनं रेशनकार्ड काढून दिलं.
हे सांगताना ते इतके हसले
की खोकला आला, पाणी द्यावं लागलं.
वनाबाई जाऊन चार वर्षं झाली.

मागच्या काचेपाशी मी थांबले.
त्या एकाच सालात या काचेला मधोमध कणा असायचा,
टपावरून उतरलेला, शेपटीपर्यंत.
इथे नव्हता. सरळ एक काच.
"साहेबानं कापून घेतला," हसूराम म्हणाले,
"मागचा नीट दिसत नाय म्हनून."

मागचं नीट दिसावं म्हणून.
कॅल्क्युलेटरवर माझं बोट तेवढा वेळ थांबलं.
तेवढ्या एका पट्टीनं किमतीचा केवढा तुकडा पडतो
हे मी त्यांना सांगितलं. ते गप्प.
मग म्हणाले, दिवाळ्याला होड्या ओतणारा एक पोरगा आहे,
साचा करतो, आठवड्यात कणा बसवील.
"बसवा," मी म्हटलं, "पण कागदावर
'मूळ नाही' असंच लिहावं लागेल."

"लिव ना.
माजे पाठीत पन दोन सल्या टाकल्यान दाक्तरनी.
मूल नाय, पन उबा हाय."
आणि बाकाखालून माझा लोहचुंबक काढून
स्वतःच्या कमरेवर लावून पाहिला.
पडला.

जमिनीचा पंचनामा करायला आलेला माणूसही
असाच फायलीवर वाकला होता, म्हणाले,
झाडं मोजली, विहीर मोजली,
बांध मोजायचा राहिला.

मी खाली बसून मापं परत घेतली.
दारापासून दारापर्यंत. टपापासून फरशीपर्यंत.
बाहेर सुनेनं हाक मारली, जेवून जा.
रकाना अजून रिकामा होता,
आणि हाताला राळेचा वास येत होता,
होडीचा की गाडीचा, कळेना.